घर आणि व्यवहार : जुन्या वेगवान गाडीची पारख

खोताच्या वाडींतून एका भगिनीनें आमच्याकडे प्रश्न पाठविला. चिरंजीवांना नोकरी लागून चार वर्षें झालीं. त्यांनीं एक जुनी 'अबार्थ पुंटो' हेरून ठेविली असून, स्वतःच्या शिलकेखेरीज आईची मुदतीची ठेवहि तिच्यासाठीं मोडावी असा त्यांचा आग्रह आहे. "गाडी चांगली कीं वाईट हें आम्हां बायकांना कसें कळावें?" असें त्या भगिनी विचारतात. न कळण्यासारखें यांत कांहीं नाहीं असें आमचें मत आहे. वांगें उचलतांच जिची नजर प्रथम देंठाकडे जाते, तिला गाडीची पारख एका सकाळींत शिकतां येते.

प्रथम गाडीविषयीं. कार्लो अबार्थ या गृहस्थानें १९४९ सालीं इटलींत आपला कारखाना काढला. विंचू हें त्याचें चिन्ह. तें नांव फियाट कंपनीनें आपल्या पुंटो गाडीला देऊन २०१५ च्या ऑक्टोबरांत ती भारतांत विक्रीस आणिली. गाडी घडे आपल्या पुणें जिल्ह्यांतील रांजणगांवीं. बाहेरून ती सामान्य कौटुंबिक गाडीसारखी दिसते, परंतु आंत १४५ अश्वशक्तीचें टर्बो यंत्र आणि चारहि चाकांना डिस्क ब्रेक. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम लागू झाले. त्या नियमांची फियाट गाडी येथें आलीच नाहीं. तेव्हां आज मिळेल ती जुनीच मिळणार, आणि तिचा सुटा भाग किती दिवसांनीं व काय भावानें येतो हें सौदा ठरण्यापूर्वींच विचारून घ्यावें.

वेगवान गाडीच्या बाबतींत तिच्या वयापेक्षां आधींच्या मालकाचा हात अधिक महत्त्वाचा. मुंबईच्या सागरी मार्गावर सरळ भागांत ताशीं ८० किलोमीटरची मर्यादा आहे, पुण्याच्या द्रुतगती मार्गावर १०० ची. अशी गाडी घेणारे सगळेच ती पाळतात, असें मानण्याइतके आम्ही भोळे नाहीं.

आमच्या ओळखीच्या एका मेस्त्रींना बरोबर घेऊन आम्ही त्या मायलेकांसह गाडी पाहावयास गेलों. वेळ सकाळीं आठाची ठरली होती व यंत्र थंड ठेवावें असें विकणाऱ्यास कळविलें होतें. मेस्त्रींनीं बॉनेटवर हात ठेवला आणि ते म्हणाले, "काकू, ही आत्तांच कोणीतरी फिरवून आणली आहे. आपण चहा घेऊन येऊं." दोन तास आम्ही इराण्याच्या हॉटेलांत काढले. चिरंजीव कंटाळले, परंतु यंत्राचे रोग थंडपणींच बोलतात, हें त्यांना पुढें दिसून आलें. थंड यंत्र सुरू होतांना मागच्या नळीकडे पाहावें. प्रथमची पांढरी वाफ लौकर विरली तर चिंता नाहीं; ती टिकली आणि टाकींतील शीतक पाणी कमी होत असेल, तर यंत्राच्या डोक्याखालचें गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा. निळा धूर म्हणजे तेल जळत आहे. टर्बोच्या गाडींत यंत्र दोन-तीन मिनिटें मंद चालूं द्यावें व मग एकदम ॲक्सिलरेटर दाबावा. त्या वेळीं निळा लोट निघाला तर टर्बो झिजला असावा, आणि त्याचा खर्च मोठा आहे. तेल भरण्याच्या झांकणाखालीं लोण्यासारखा मळ दिसला, तर पाणी तेलांत मिसळत नाहीं ना, याची खात्री करून घ्यावी.

नंतर मेस्त्रींनीं आपलें छोटें यंत्र गाडीला जोडलें. दोषाचा एकहि अंक दिसेना, म्हणून चिरंजीव हर्षले. मेस्त्रींनीं त्यांना दुसरें पान दाखविलें. गाडीचा संगणक आपल्या निरनिराळ्या अंगांच्या चांचण्या स्वतःच घेत असतो आणि कोणत्या पुऱ्या झाल्या तें नोंदवितो. येथें बहुतेक अपुऱ्या होत्या. म्हणजे दोषांची पाटी नुकतीच पुसली होती. पुसलेल्या पाटीवर काय लिहिलें होतें हें पाहणाऱ्यास कळणें कठीण. परंतु ती पुसली कां, एवढें विचारतां येतें. विकणारे गृहस्थ बॅटरी बदलल्याचें म्हणाले. तें खरें असूंहि शकतें. परंतु बॅटरीचें बिल त्यांच्याजवळ नव्हतें.

खरा शोध लागला तो आईंना. गाडी उन्हांत घेतल्यावर त्या दोन पावलें मागें सरल्या आणि म्हणाल्या, "हा पुढचा डावा भाग बाकीच्यापेक्षां किंचित् पिवळा नाहीं का?" तो होता. त्या पंख्याचे बोल्ट उघडल्याच्या खुणा होत्या. काचेच्या कोपऱ्यांतील कोरीव अंक इतर काचांशीं जुळेना. आणि बॉनेटखालीं शीतपेटीच्या आधारपट्टीवर नवें जोडकाम दिसलें. अपघात झालेली गाडी नेहमींच टाकावी असें आम्ही म्हणत नाहीं. पण जी गाडी वेगासाठींच घ्यावयाची तिचा सांगाडा वांकडा असेल तर ती घेऊं नये. हा प्रश्न पैशांचा नाहीं, मुलाच्या जिवाचा आहे. चिरंजीवांनीं तेथें कांहीं न बोलतां किल्ली परत केली. ठेव अजून मोडलेली नाहीं. दुसऱ्या गाडीचा शोध चालू आहे.

मुंबईकरांनीं आणखी एक पाहावें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यांत बुडालेल्या असंख्य गाड्या पुढें धुऊनपुसून विकल्या गेल्या. पाऊस तर दर वर्षीं येतोच. आसनाचा पट्टा पुरता बाहेर ओढून पाहावा. विकणारा गालिचा धुतो, पण पट्ट्याच्या शेवटच्या वितीवरील चिखलाची रेघ विसरतो. टायरवर चार अंकी आंकडा असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपलीकडील टायर बदलण्याचा खर्च किंमतींतून वजा करावा. चौथ्या गिअरमध्यें ॲक्सिलरेटर दाबतांच यंत्राचे फेरे वाढले आणि गाडी मात्र पुढें सरकेना, तर क्लच संपला.

तरुण मंडळी संगणकांत फेरफार करून शक्ति वाढवितात, त्याला 'रीमॅप' म्हणतात. मोटार कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें मूळ नमुन्याहून वेगळा बदल चालत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१९ मध्यें स्पष्ट केलें आहे. विम्याच्या वेळीं हें अंगाशीं येऊं शकतें.

वाडीच्या बोळांतून मोटार आंत येत नाहीं; ती रस्त्यावर उभी राहणार. भुयारी मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरांत गिरगांवांत आली, त्यामुळें कचेरीसाठीं मोटारीची गरजहि नाहीं. ही हौस आहे, आणि हौस असूं नये असें आम्ही कधींच म्हटलें नाहीं. जागेचा प्रश्न मात्र आधीं सोडवावा.

उरले कागद. यंत्रावरील व सांगाड्यावरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं स्वतः ताडून पाहावे. गाडीवर कर्ज असल्यास तें फिटल्याचा ३५ नंबरचा नमुना बँकेकडून घ्यावा. २९ व ३० नंबरचे नमुने भरून ताडदेवच्या परिवहन कचेरींत नांव बदलून घेण्यास दिरंगाई करूं नये. विकणाऱ्यासहि हें लागू आहे: नोंदणींत ज्याचें नांव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारीहि त्याचीच, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय आहे. विमा चौदा दिवसांत आपल्या नांवें करण्यासाठीं अर्ज द्यावा. दावा न केल्याबद्दलची सवलत जुन्या मालकाबरोबर जाते, ती गाडीबरोबर येत नाहीं.