झाड कुणाचं, कुऱ्हाड कुणाची?

दोस्तांनो, चाळीत नि झोपडपट्टीत वाढलेल्या आपल्या पोरांना जंगल म्हटलं की सहल आठवते नाहीतर वाघ. जरा घरी विचारा. आजी कोकणातली असेल तर सांगेल, मोळी कुठून आणायची ते. ते रान दुसऱ्याचं होतं. मोळी धरली तर शिव्या, मार, कधी कोयता जप्त. म्हणून म्हणतो, जंगलाचा प्रश्न आपल्या घरातला आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतं. डोंगरच्या डोंगर खाजगी मालकीचे. ऐन, किंजळ, खैर, जांभूळ. मालक बऱ्याचदा मुंबई-पुण्याला. तो रानाची व्यवस्था कशी करतो? डोंगर उक्ता ठेकेदाराला विकतो नि पैसे मोजून घेतो. ठेकेदार एका हंगामात डोंगर बोडका करतो. तोडणारा हात कुणाचा? कातकऱ्याचा, आपल्या बौद्धवाड्यातल्या माणसाचा, भूमिहीन कुणब्याचा. रायगडात कोळशाच्या भट्टीवर उचल घेऊन राबणारी कातकरी कुटुंबं आठवा. वेठबिगारी 1976 च्या कायद्यानं बंद झाली. उचल मात्र फिटत नाही!

आता कुणी शहाणा म्हणेल, कायदा आहे की. आहे ना. 1964 चा झाडतोडीचा कायदा आहे. साग, खैर, ऐन, किंजळ, मोह, हिरडा अशी 16 झाडं त्याच्या यादीत होती. परवानगीशिवाय तोडायची नाहीत. परवानगीच्या फायलीत मालक असतो, ठेकेदार असतो, अधिकारी असतो. मजूर नसतो. तो थेट पंचनाम्यात येतो.

मग 1975 चा कायदा आला. 30 ऑगस्ट 1975 ला खाजगी वनं सरकारजमा झाली. 1978 साली त्यातच 22-अ कलम घातलं. ज्याची एकूण जमीन 12 हेक्टरच्या आत, त्याचं रान त्याला परत. लहान शेतकऱ्याला मिळालं, बरं झालं. आमची तक्रार त्याच्याशी नाही. पण ज्याच्याकडे शून्य हेक्टर होतं त्याला परत काय देणार? शून्याला कलम लागत नाही.

पुढचं ऐका. मुंबई-ठाण्यातल्या जमिनींवर 1956-57 च्या आसपासच्या वनखात्याच्या नोटिसा होत्या. वर इमारती उभ्या राहिल्या. सुप्रीम कोर्टानं 30 जानेवारी 2014 ला ठरवलं की, नुसती जुनी नोटीस काढून ठेवली, बजावून पुढं चौकशी नेली नाही, तर जमीन खाजगी वन होत नाही. फ्लॅटवाले सुटले. ठीक. आता 2006 चा वनहक्क कायदा बघा. आदिवासी नसलेल्या वननिवासीनं 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, तिथं राहिल्याचं सिद्ध करायचं. ज्याला गावानं कागदावर येऊच दिलं नाही, त्यानं 75 वर्षांचा कागद आणायचा! कागद अपुरा म्हणून एकाची जमीन सुटते, कागद अपुरा म्हणून दुसऱ्याचा दावा बुडतो.

दादासाहेब गायकवाडांनी 1959 नि 1964 साली भूमिहीनांना रस्त्यावर उतरवलं, तुरुंग भरले. ती मागणी जुनी झालेली नाही. पण मित्रांनो, नुसतं नाव लावून भागत नाही. उद्या डोंगर आपल्या नावावर झाला आणि आपणही तो उक्ता ठेकेदाराला विकला, तर फरक काय? मालकाची जात बदलेल, डोंगर बोडकाच राहील.

रान राखायचं ज्ञान आपल्याच माणसांकडे आहे. ऐन, साग, खैर बुंध्याशी तोडले की पुन्हा फुटतात, हे तोडणाऱ्याला ठाऊक असतं. घाव जमिनीलगत, उतरता घालायचा, म्हणजे पाणी साचून खोड कुजत नाही. पावसाआधी तोडायचं. फुटवे आले की चांगले एक-दोन ठेवून बाकीचे काढायचे. बियांसाठी मोठी झाडं सोडायची. डोंगराचे तुकडे पाडून दरवर्षी एकाच तुकड्यात कुऱ्हाड लावायची, तोडलेल्या तुकड्यात गुरं नि वणवा शिरू द्यायचा नाही. पण ठेकेदाराला हंगाम गाठायचा असतो. तो म्हणतो, हाण. मजूर हाणतो. न हाणून करतो काय?

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. 2011 पासून बांबूच्या वाहतुकीचा पास ग्रामसभा स्वतः देते. काय तोडायचं, किती, कधी, ते गाव बसून ठरवतं. ते गोंडांचं गाव आहे, नि ते सरकारी जंगल होतं. मालकीच्या डोंगरावर हा कायदा चालत नाही, हे नीट ध्यानात ठेवा. पण रान चालवायला मालक नि ठेकेदार लागतोच, ही थाप तिथं उघडी पडली.

तेव्हा सुट्टीत गावी जाल तेव्हा नुसतं जेवून येऊ नका. तलाठ्याकडून डोंगराचा सातबारा काढा, 'इतर हक्क' वाचा. वनजमिनीवर आपली माणसं असतील तर म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या. वनहक्काच्या नियमांत तो पुरावा धरला आहे, नि म्हातारी माणसं काही थांबणार नाहीत. मालकीच्या रानात तोड चालू असेल तर मजुरी किती, उचल किती, परवाना कुठल्या झाडांचा, ते विचारा. चारचौघांत विचारा, मोठ्यानं विचारा.

कुऱ्हाड आपल्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती कुठं थांबवायची, हे ठरवण्याचा हक्क तेवढा घ्यायचा आहे.