साइज एम, आउट ऑफ स्टॉक

कुर्ता माझा नव्हता. घोळ इथूनच सुरू होतो.

रूममेट बारा दिवसांची रजा टाकून कोल्हापूरला गेली होती, बाबांच्या वर्षश्राद्धाला. इकडे मला एका मीटिंगला जायचं होतं आणि कपाटात 'ह्यात आपण जरा सिरियस दिसू' असं एकही वस्त्र नव्हतं. तिला मेसेज टाकला, 'तुझा निळा घालू?' उत्तर आलं, 'घाल. पण जपून.' आता रूममेट लोकांचं 'जपून' आपण कितपत मनावर घेतो? चहाच्या कपापासून चार बोटं लांब बसायचं, बास. मीटिंग झाली. चहा सांडला नाही. रिक्षाच्या दाराला ओढणी अडकली, कुर्ता नाही. घरी येऊन थंड पाण्यात धुतला, सावलीत वाळवला. एकदम आदर्श मुलगी.

मग म्हटलं, तसाच घडी करून काय ठेवायचा, इस्त्री करू. चांगुलपणा नडतो तो असा. कुर्त्याच्या पाठीवर इस्त्री टेकवली आणि फोन वाजला. एडिटरचा. 'कॉपी कुठे आहे?' ह्या प्रश्नाचं उत्तर देता देता मी गॅलरीत पोचले. परत आले तेव्हा खोलीत भाजक्या कागदासारखा वास होता आणि कुर्त्याच्या मागच्या बाजूला, घेराच्या वीतभर वर, इस्त्रीच्या आकाराचा चहाच्या रंगाचा डाग. मधोमध तर कापड बोट लावताच फाटलं.

आता तुम्ही म्हणाल, फोन उचलायचा आणि सांगून टाकायचं. पण तिकडे त्या घरात भटजी, पाहुणे, स्वयंपाक, रडारड. त्यात मी काय सांगू, तुझा कुर्ता जाळला? नाही जमलं. आणि खरं सांगायचं तर डोक्यात एक बदमाश विचारही आला होता. सेम टू सेम कुर्ता आणून हँगरला लावला तर सांगायची गरजच काय? हातात आठ दिवस होते. पुण्यात काय कुर्त्यांचा दुष्काळ आहे?

दुसऱ्या दिवशी अकराला, दुकानाचं शटर अर्धं वर असतानाच, मी ब्रँडच्या शोरूमपुढे हजर. काउंटरवरच्या मुलाने जळका कुर्ता बघितला, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता तो सरळ उलटा केला. आतल्या बाजूच्या शिलाईत जी पांढरी पट्टी असते ना, जिच्यावर 'कोमट पाण्यात धुवा'ची चिन्हं असतात आणि जी टोचते म्हणून आपण कापून टाकतो, तिच्यावर स्टाइल नंबर असतो. मंडळी, ती कापू नका. त्या नंबरशिवाय दुकानदाराला तुमचा 'तो निळा, थोडा लालसर, बॉर्डरवाला' कुर्ता म्हणजे आकाशातला एक तारा.

त्याने नंबर टाकला आणि मान हलवली. तीन सीझन जुना. मग दुकानात गर्दी नव्हती म्हणून असेल, किंवा माझा चेहरा बघून असेल, त्याने मला ह्या धंद्याचं गणितच समजावलं. त्यांच्याकडे एका डिझाइनचा सेट येतो तो सहा नगांचा: एस एक, एम दोन, एल दोन, एक्सएल एक. डिझाइन चालेल असं वाटलं तर दोन सेट. म्हणजे अख्ख्या दुकानात तुमच्या साइजचे दोन, फार तर चार नग. ते पहिल्या दोन वीकेंडना उडतात. उरतात टोकाच्या साइज. त्या सीझन संपला की सेलला लागतात, तिथेही उरल्या तर गोडाऊनला, आणि तिथून फॅक्टरी आउटलेटला. सेलच्या रॅकवर आपल्याला आवडलेलं सगळं नेमकं एक्सएस किंवा डबल एक्सएलमध्येच का असतं, हे कोडं मला कॉलेजपासून पडलं होतं. सुटलं.

'मग परत का नाही बनवत, एवढं खपलं तर?' मी विचारलं. तो म्हणाला, 'मॅडम, हे हाताचं काम आहे. परत केलं तरी हेच येणार नाही.'

मला तेव्हा ती सेल्समनगिरी वाटली. पण हा कुर्ता अजरखचा होता आणि अजरख म्हणजे काय प्रकरण आहे हे त्या आठवड्यात मी जितकं वाचलं तितकं परीक्षेला वाचलं असतं तर... जाऊ दे. कापड आधी धुऊन हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. मग लाकडी ठशाने चुना आणि डिंकाचा लेप छापायचा, जिथे पांढरं राहायला हवं तिथे. काळा रंग येतो भंगार लोखंड आणि गूळ पाण्यात काही दिवस आंबवून. लालसाठी तुरटी लागते. मग निळीच्या हौदात बुडवायचं, वाळवायचं, धुवायचं, काही कापडांना हे परत परत. ऊन कसं होतं, पाणी कसं होतं, नीळ किती जुनी होती, सगळ्यावर रंग ठरतो. पाण्याचं तर असं आहे की २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर कच्छमधल्या धमडका गावच्या पाण्यात लोह वाढलं, ते ह्या रंगांना चालेना, म्हणून तिथल्या कितीतरी खत्री कुटुंबांनी भुजजवळ नवं गाव वसवलं. गावाचं नाव अजरखपूर! कापडासाठी गाव हलवणारी माणसं, आणि मी फोनसाठी इस्त्री हलवू शकले नाही. २०२४ मध्ये कच्छच्या अजरखला जीआय टॅग मिळाला, तो उगाच नाही.

हे सगळं वाचून शहाणं व्हायचं सोडून मी लक्ष्मी रोडला गेले. आयडिया अशी, की कुर्ता मिळत नाही तर कापड घेऊ आणि शिवू. 'अजरख आहे का?' म्हटलं की दुकानदार पाच मिनिटांत गादीवर निळा समुद्र पसरतो. दोनशे रुपये मीटरपासून पुढे. दोनशेवाला बघितला. एकदम परफेक्ट! प्रत्येक फूल दुसऱ्या फुलाची झेरॉक्स. उलटा केला तर मागे जवळपास पांढरा. म्हणजे मशिनचा. ठशाने छापलेल्या कापडावर कुठेतरी हात हलल्याचं दिसतं, दोन ठशांच्या सांध्यात केसभर फट असते, रंग मागपर्यंत उतरलेला असतो. पारंपरिक अजरख तर दोन्ही बाजूंनी छापायचे. चार दुकानं पालथी घातल्यावर खरं कापडही मिळालं. पण त्याची नीळ काळपट आणि आपली शाळेच्या शाईसारखी. शेजारी ठेवले तर आंधळाही ओळखेल.

संपलेल्या कपड्यामागे धावणारी मी एकटी नाही, हे एक समाधान. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सब्यसाचीने एच अँड एमबरोबर कलेक्शन काढलं तेव्हा त्यातली ९,९९९ रुपयांची साडी ऑनलाइन काही मिनिटांत संपली होती. कार्टमध्ये टाकेपर्यंत गेली म्हणून हळहळणाऱ्या पोरी आमच्या ग्रुपवर ढिगाने होत्या, आणि थोड्याच वेळात तेच कपडे जास्त भावाने विकायला निघाले. गंमत म्हणजे त्याच सुमारास हस्तकलेत काम करणाऱ्या संस्थांनी सब्यसाचीला जाहीर पत्र लिहिलं: भारतीय कारागिरीच्या नावाने विकताय, पण हे कारागिरांनी बनवलेलंच नाही. म्हणजे संपलं ते मशिनचं. मशिनला विचारलं असतं तर आणखी लाखभर नग तिने हसत हसत दिले असते. माझ्या कुर्त्याची गोष्ट उलटी होती, पण तेव्हा मला तत्त्वज्ञान नको होतं. मला साइज एम हवा होता.

पाचवा दिवस. आता मी वापरलेले कपडे विकणाऱ्या मुलींच्या इन्स्टा पेजेसवर रात्र रात्र जागत होते. तिथले नियम कडक असतात. फोटो पडला की तीस सेकंदांत 'बुक' लिहायचं. विचार करणारा हरतो. मी घाईत एक जांभळी ब्रोकेड पर्स बुक केली, तिचा ह्या गोष्टीशी संबंध नाही. शेवटी कॉलेजच्या ग्रुपवर जळक्या कुर्त्याचा फोटो टाकला, डागाचा भाग कापून. कुणीतरी कुणालातरी फॉरवर्ड केला, आणि रात्री साडेअकराला एका मैत्रिणीच्या मावसबहिणीचा नागपूरहून मेसेज आला. 'हा माझ्याकडे आहे. घातलाच नाही. टॅग आहे.'

मी खरोखर किंचाळले. शेजारच्यांनी भिंत वाजवली.

स्टाइल नंबर तोच, सीझन तोच. फोटो मोठा करून करून बघितला. रूममेटच्या कुर्त्यावर डाव्या खांद्याजवळ एक ठसा घसरलेला होता, काळी रेघ दोनदा उमटल्यासारखी. नागपूरवाल्यात ते नव्हतं. म्हणजे मी तर तिला आधीपेक्षा भारी नग देणार होते! साइज मात्र एल. बाईंनी टॅगवरच्या १,८९० ला २,६०० सांगितले. घासाघीस करायची माझी लायकी उरली नव्हती. कुरियर तिसऱ्या दिवशी आलं आणि मी तडक टेलरकाकांकडे. जुना कुर्ता मापाला दिला. काका म्हणाले, 'दोन्ही बाजू उसवायला लागतील, बाही पण. दोनशे.' दिले. संध्याकाळी नवा कुर्ता हँगरला, जुना माझ्या बॅगेच्या तळाशी. एक दिवस हातात ठेवून मोहीम फत्ते.

ती आली तेव्हा दमलेली होती. बॅग ठेवली, खाऊचा डबा दिला, आईचं विचारलं तर 'बरी आहे' म्हणाली. आंघोळ करून कपाट उघडलं. मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. बराच वेळ हँगरचा आवाज नाही.

'हा माझा नाहीये,' ती म्हणाली.

'म्हणजे?' मी. ऑस्कर द्यावा असा आवाज.

'बाबांचं डिस्काउंट कुठंय?'

मला काही कळेना. तिने कुर्त्याच्या डाव्या खांद्यावर बोट ठेवलं. मग तिथेच पलंगाच्या कडेवर बसून सांगितलं. पहिली नोकरी लागली तेव्हा बाबा तिला पुण्यात सोडायला आले होते. ऑफिसला घालायला एक चांगला ड्रेस घे म्हणाले. त्या एसी शोरूममध्ये त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कुर्ता उजेडात धरला, ती घसरलेली रेघ शोधली आणि काउंटरवर ठेवली. 'हे बघा, डाग आहे. पन्नास कमी करा.' पोरगी म्हणाली फिक्स रेट असतो. मॅनेजर आला, त्याने हस्तकलेवर भाषण दिलं. बाबा ऐकून घेऊन म्हणाले, 'बरं, चाळीस करा.' ही लाजेने ट्रायल रूममध्ये जाऊन उभी राहिली. एक रुपया कमी झाला नाही. बाहेर आल्यावर ते म्हणाले, डाग आपला आहे म्हणून लक्षात ठेव, दुसऱ्याशी अदलाबदल झाली तर ओळखायला येईल.

मी बॅग उपसली आणि जुना कुर्ता तिच्या मांडीवर ठेवला. सगळं सांगितलं, गॅलरीसकट. तिने आधी खांदा बघितला. मग मागची बाजू. मग मला एक अशी शिवी दिली जी इथे छापता येत नाही आणि जी कोल्हापुरातच तयार होते. मग ती रडली, आणि माझी खात्री आहे की ते सगळं काही कुर्त्यासाठी नव्हतं. मी चहा केला. तो लांब ठेवला.

रात्री तिने आईला फोन लावला आणि सगळी गोष्ट सांगितली, जळकी बाजू स्पीकरवर ऐकवली. काकू पलीकडून म्हणाल्या, 'डागाच्या वरून कापा की गं, आखूड होईल. खांदा तर शाबूत आहे ना?' दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी टेलरकाकांकडे गेलो. त्यांनी दोन्ही कुर्ते टेबलवर शेजारी शेजारी ठेवून आमच्याकडे संशयाने बघितलं. जुन्याचा आता कंबरेपर्यंतचा टॉप झालाय, जीन्सवर घालायचा. शुक्रवारी ऑफिसला तोच असतो. इस्त्रीला ती स्वतः कोपऱ्यावरच्या काकांकडे टाकते आणि आणायलाही स्वतःच जाते.

नागपूरवाला तिने मला देऊन टाकला. एल होता तसाच राहिला असता तर मस्त बसला असता. पण मीच दोनशे रुपये देऊन त्याचा एम करून घेतलाय, आणि जादाचं कापड टेलरकाकांनी आत ठेवलेलं नाही, कापून टाकलंय.