बंदी नको, कर लावा

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये सहज बोलून गेलो की सध्या एक क्रोएशियन मालिका बघतोय. टेबलावर आम्ही चौघं. त्यातला एक लगेच म्हणाला, "अरे वा, डार्क असेल ना?"

झालं! आमच्या पिढीचं सगळं रसग्रहण या एका शब्दात आटोपतं. डेन्मार्कची असो, कोरियाची असो की बाल्कनमधली, एखादं प्रेत सापडलं आणि आभाळ भरून आलेलं असलं की मालिका डार्क. गाण्यांचंही तेच. गिटार कर्कश वाजतंय, गायिका बेंबीच्या देठापासून ओरडतेय, म्हणजे 'रॉ'. विषय संपला, चहा घ्या.

मला हे अजिबात पटत नाही. तेव्हा चहा गार होत होता म्हणून गप्प बसलो, पण आज रविवार आहे आणि वेळ भरपूर आहे.

तर मालिकेचं नाव 'नोव्हिने', म्हणजे वर्तमानपत्र. २०१६ ते २०२० मध्ये तिचे तीन सीझन आले, आणि २०१८ मध्ये नेटफ्लिक्सने ती घेतल्यामुळे क्रोएशियाबाहेरच्या लोकांना तिचं नाव कळलं. सगळं घडतं रियेका नावाच्या बंदराच्या गावात. कार्दुम नावाचा एक बडा बिल्डर तिथलं वर्तमानपत्र विकत घेतो. त्याला पत्रकारितेची हौस नसते की पेपरातून नफाही नको असतो. एका जीवघेण्या मोटार अपघाताच्या मागे पेपरवाल्यांनी लागू नये, एवढीच त्याची माफक अपेक्षा. (सर्बियाची 'बेसा' ही २०१८ ची मालिकाही मोटार अपघातापासूनच सुरू होते. साध्यासुध्या माणसाच्या गाडीखाली अल्बेनियन माफियाची मुलगी येते आणि मग बाप त्याच्याकडून हिशोब वसूल करतो. थोडक्यात, तिकडे गेलात तर गाडी सांभाळून चालवा.)

आता हे डार्क का नाही? 'द किलिंग' किंवा 'द ब्रिज' आठवा. तिथे यंत्रणा मुळात ठीक असते. एक विकृत माणूस ती बिघडवतो आणि एक झोप न झालेली डिटेक्टिव्ह त्याला शोधून काढते. शेवटी माणूस सापडला की आपण लॅपटॉप मिटून झोपायला मोकळे. 'नोव्हिने'चे नायक डिटेक्टिव्ह नाहीत, आणि गुन्हेगार कोण ते शोधायचंच नसतं. बिल्डर आणि महापौर आपल्या डोळ्यांसमोर सौदे करतात, दिवसाढवळ्या, चांगले सूट घालून. बघायचं असतं ते इतकंच की हे ठाऊक असलेली दहा-पंधरा माणसं काय करतात. कुणाचं घराचं कर्ज असतं, कुणाला बढती हवी असते, कुणी नुसता दमलेला असतो. यात अंधार कुठेय राव? मला तर ट्यूबलाइट दिसली, आपल्या ऑफिसात असते तशी.

हे इतकं नेमकं जमलं, कारण लेखक इवित्सा जिकिच स्वतः पत्रकार. स्प्लिटच्या 'फेराल ट्रिब्यून' या साप्ताहिकात त्याने काम केलं होतं. ते साप्ताहिक १९९३ ते २००८ चाललं, आणि युद्धाच्या काळात स्वतःच्याच सरकारची टोपी उडवणारं म्हणून गाजलं. सरकारने त्यावर बंदी घातली नाही. १९९४ मध्ये त्याला अश्लील नियतकालिकांचा ५० टक्के कर लावला! राजकीय व्यंग छापणाऱ्यांना पिवळ्या पुस्तकांच्या रांगेत बसवलं. कुणाला 'हुकूमशाही' म्हणून ओरडायची सोय नाही, कागदोपत्री सगळं स्वच्छ.

आणि इथेच पंक येतो. रियेका ही युगोस्लाव्हियातल्या पंकची एक जुनी राजधानी. 'पाराफ' हा बँड तिथे १९७६ मध्येच उभा राहिला, म्हणजे लंडनमध्ये पंक गाजत होता त्याच वर्षी. समाजवादी युगोस्लाव्हियात १९७० च्या दशकापासून 'शुंड' म्हणजे सवंग, टाकाऊ ठरलेल्या तबकड्यांवर जादा कर असायचा. टाकाऊ काय ते समिती ठरवणार. पंकवाल्यांच्या तबकड्याही त्यात अडकल्या. म्हणजे राज्यपद्धत बदलली, देश फुटला, झेंडे बदलले आणि कल्पना तीच राहिली. तोंड दाबायचं नाही, फक्त तोंड उघडणं महाग करून ठेवायचं.

हे कळल्यापासून मी नवीन पंक अल्बम वेगळ्या कानांनी ऐकायला लागलोय. आवाज किती मोठा याला मी आता मार्क देत नाही. ही मंडळी कुणाचं बिल कुणाच्या नावावर फाडतायत, ते बघतो. ग्रीन डेचा 'सेव्हिअर्स' (जानेवारी २०२४) त्यात नापास. कॉलेजात यांच्यावर जीव टाकलाय, म्हणून लिहिताना त्रास होतोय, पण खरं तेच सांगतो. चाली झकास, रेकॉर्डिंग चकाचक, आणि राग कुणावर? तर एकंदरीत परिस्थितीवर. परिस्थितीवर रागावणं फुकट असतं हो! एमिल अँड द स्निफर्सचा 'कार्टून डार्कनेस' (ऑक्टोबर २०२४) मजेशीर आहे, ट्रॅफिकमध्ये ऐका, भांडायचा मूड येईल. पण या सगळ्यांत मला पकडलं ते लॅम्ब्रिनी गर्ल्सने. ब्रायटनच्या या बायकांचा पहिला अल्बम 'हू लेट द डॉग्ज आऊट' जानेवारी २०२५ मध्ये आला. अकरा गाणी, जेमतेम अर्धा तास. एक गाणं पोलिसांवर, एक बापाच्या पैशांवर कलाकार झालेल्या पोरांवर, आणि 'कंपनी कल्चर' हे ऑफिसवर. बाईला ऑफिसात काय काय गिळायला लावतात आणि सगळे कसे कॉफी पीत राहतात, हा त्याचा विषय. चाल म्हणाल तर फारशी नाहीच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हेडफोन काढून मी आजूबाजूला बघितलं होतं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

का बघितलं, तेही सांगून टाकतो. मागच्या कंपनीत असताना एका क्लायंटच्या पगाराच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. ओव्हरटाइमच्या चाळीसेक टेस्ट केसेस चालवायच्या राहिल्या होत्या आणि हातात एक रात्र. मॅनेजरने "खोटं लिही" असं अजिबात म्हटलं नाही. तो इतकंच म्हणाला, "तुझ्यावर सोडतो रे. पुढच्या आठवड्यात अप्रेझल आहे, तेवढं लक्षात ठेव." मी चाळीस ओळींसमोर 'पास' लिहिलं. कॉपी-पेस्ट, दोन मिनिटांचं काम. पुढचे दोन महिने त्या क्लायंटच्या कंत्राटी कामगारांना ओव्हरटाइमचे पैसे कमी जात राहिले. नंतर दुरुस्ती झाली, फरक दिला असं ऐकलं. ते पैसे कमी येत असताना त्यांच्यापैकी कुणी काय उधार घेतलं, कुणाचा हप्ता चुकला, हे मला कधी कळणार नाही. मला कुणी एक शब्द विचारला नाही. रेटिंग उत्तम आलं, आणि त्या वाढीतूनच हे हेडफोन घेतले, चांगले महागातले.

म्हणून 'डार्क' ऐकलं की माझं डोकं फिरतं. डार्क म्हटलं की ते दूर कुठेतरी, धुक्यात, आडनावाच्या शेवटी 'इच' असलेल्या लोकांचं होतं. आपण ब्लँकेट ओढून पॉपकॉर्न खायचा. अरे, तो उपसंपादक बातमीतला एक परिच्छेद मुकाट्याने उडवतो ना, तो मी आहे! आणि तुम्हीही असाल. नसाल तर तुमचं अभिनंदन, मनापासून.

असो. तिसरा सीझन अजून बघायचाय, तेव्हा शेवट कुणी सांगू नका. कँटीनमधल्या त्या मित्राला पहिला भाग बघायला लावलाय. त्या रिलीजच्या रात्री तो माझ्या शेजारच्या खुर्चीत होता. कालपासून त्याचा मेसेज आलेला नाही.