कडे, पदक आणि तालीम

आदिलाबादकडच्या आमच्या गावाहून पुतण्याचा निरोप आला आहे, आणि त्याला काय उत्तर द्यावे याचा विचार आम्ही गेले आठ दिवस करीत आहो. प्रकरण घरगुती खरे. पण वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असे एखादे प्रकरण कपाटात, ट्रंकेत किंवा देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात निजलेले असणारच, म्हणून ते येथे मांडण्याची मोकळीक घेतो.

आमच्या थोरल्या काकांना सारे गाव अण्णा म्हणे. अण्णा कुस्ती खेळत. आमचे गाव पैनगंगेच्या अलीकडे. 1956 साली भाषावार वाटणी झाली तेव्हा राजुरा आणि किनवट हे आदिलाबादचे तालुके मुंबई राज्यात गेले आणि आम्ही आंध्रात राहिलो. 2014 साली तेलंगणात आलो, 2016 साली जिल्ह्याचेच चार तुकडे झाले. कुस्तीच्या फडाला मात्र या सीमांचा पत्ता नव्हता. अण्णा माहूर, किनवट करीत आणि तिकडचे पैलवान आमच्या जत्रेला येत. जत्रेतली पहिली कुस्ती नारळाची. तीत पोरे लढत. मग दोन रुपये, पाच रुपये असे चढत चढत दिवस मावळायला आला की शेवटची कुस्ती चांदीच्या कड्याची. डफडे वाजू लागले की आम्ही लहान मुले वस्तादांच्या पायाशी जाऊन बसत असू. असे एक कडे अण्णांनी जिंकले होते. ते आज आमच्याकडे हैदराबादेस आहे. वर्षातून एकदा दसऱ्याला निघते, चिंचेने घासले जाते, आणि पुन्हा ट्रंकेत जाते.

पुतण्या म्हणतो, “काका, तालमीत गादी नाही. पोरं मातीत तयार होतात, जिल्ह्याला गादीवर लढतात आणि हरून येतात. अण्णांचं कडं विकून गादी घेऊ या.”

आमची थोरली बहीण हे ऐकून ताडकन म्हणाली, “कडं विकणं म्हणजे अण्णांनाच बाजारात उभं करणं.” तेव्हापासून घरात दोन तट पडले आहेत.

ताईचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण जगात याच्या उलट वागणारी माणसेही आहेत, आणि लहानसहान नव्हेत. करीम अब्दुल-जब्बार हे नाव ऐकून चारमिनारकडचे कुणी गृहस्थ डोळ्यांपुढे येतील. हे गृहस्थ न्यूयॉर्कचे, सात फूट दोन इंच उंचीचे, आणि बास्केटबॉलच्या खेळात वीस वर्षे अमेरिकेच्या मैदानांवर अधिराज्य केलेले. 1989 साली ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर 38,387 गुण होते. तो विक्रम 2023 सालापर्यंत कुणाला मोडता आला नाही. तिकडे अजिंक्य ठरलेल्या संघाच्या खेळाडूंना रत्नजडित अंगठी मिळते. अशी अजिंक्यपदे करीमनी सहा मिळवली. 2019 च्या मार्चमध्ये त्यांनी त्यांतल्या चार अंगठ्या, चषक, चेंडू अशा दोनशेंवर वस्तू लिलावात काढल्या. सुमारे तीस लक्ष डॉलर आले, म्हणजे त्या वेळच्या भावाने वीस कोटींच्या घरात. एकट्या 1987 च्या अंगठीलाच चार लक्ष डॉलरांच्या आसपास किंमत आली. यांतली बरीचशी रक्कम त्यांनी आपल्या संस्थेला दिली. ही संस्था लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांना रानात शिबिराला नेऊन विज्ञानाची गोडी लावते. त्यांचे म्हणणे साधे होते: अंगठी कोठीत ठेवावी की तिच्यावर चार पोरांचे शिक्षण करावे, यात निवड करायला वेळ कशाला लागावा?

वेळ लागतो, हो. आम्हांला आठ दिवस लागले आणि आमच्याजवळ तर एकच कडे आहे.

करीमची गोष्ट आम्ही ताईला सांगितली. ती म्हणाली, “त्यांनी स्वतः मिळवलं, स्वतः विकलं. आपण काय मिळवलंय?” हा टोला आम्हांला बसला, कारण तो बरोबर होता. आणि त्यावरून मन साहजिकच गोळेश्वरकडे गेले.

कऱ्हाडजवळच्या या गावचे खाशाबा जाधव. 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताच्या कुठल्याही एकट्या खेळाडूला मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक, आणि दुसरे यायला 1996 साल उजाडावे लागले. एवढे सर्वांना ठाऊक असते. पण ते तिथवर गेले कशाच्या बळावर, हे आपल्यासारख्या संस्थानी मुलखातल्या लोकांनी मुद्दाम आठवावे. 1948 साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लंडनला गादी पाहून मातीतला हा गडी गोंधळला, तरी सहावा आला. मग 1949 च्या मार्चमध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झाले. संस्थाने गेली याचे दुःख आम्हांला नाही. पण राजाश्रय गेला आणि त्याची जागा घ्यायला दुसरे काही अजून उभे राहिले नव्हते, अशा त्या मधल्या वर्षांत खाशाबांना हेलसिंकीला जायचे होते. गावाने वर्गणी काढली. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. चार वर्षांपूर्वी जे महाराजांनी केले, ते आता एका मास्तराने केले!

हेलसिंकीला कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल त्यांनी हरवले. जपानच्या इशीशी झुंज लांबली आणि ती ते हरले; हाच इशी पुढे सुवर्णपदक घेऊन गेला. त्यानंतर पुरती विश्रांती न देताच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे केले आणि हरकत घ्यायला आपला कुणी अधिकारी जागेवर नव्हता, असे सांगतात. परतल्यावर कऱ्हाडपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर या माणसाने काय केले, तर कोल्हापुरात कुस्त्यांचा फड भरवला, स्वतः त्यात लढले, आणि मिळालेला पैसा प्राचार्यांना देऊन त्यांचे घर सोडवले. पदक त्यांनी विकले नाही. पुन्हा लंगोट कसला. 1955 साली ते फौजदार म्हणून पोलिसांत लागले, सत्तावीस वर्षे नोकरी केली, आणि 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या माघारी.

आता तेच पदक. 2017 च्या जुलैमध्ये खाशाबांच्या चिरंजीवांनी जाहीर केले की आम्ही हे पदक लिलावात काढणार. पैसा घरासाठी नको होता. गोळेश्वरला खाशाबांच्या नावाची कुस्ती अकादमी व्हावी, एवढीच इच्छा. कुटुंबाचे म्हणणे असे की 2009 मध्ये सरकारने अकादमीचे आश्वासन दिले, 2013 मध्ये दीड कोटीच्या वर रक्कम मंजूरही झाली, आणि जागेवर वीट चढली नाही. म्हणून पदक विकून आम्हीच बांधतो. पुढे लिलाव झाल्याचे वर्तमान आले नाही. पण ती बातमी वाचली त्या दिवशी आमच्या हातातला चहा निवला, हे आठवते.

कारण करीमची विक्री आणि ही विक्री दिसायला एक असली तरी जातीने वेगळी. करीमनी दिले ते दान. त्यांच्यावर कुणाचे देणे नव्हते आणि कुणी त्यांना शब्द देऊन मोडला नव्हता. गोळेश्वरची घोषणा ही वसुलीची नोटीस होती, तीही उलटी: देणेकरी हात बांधून बसलेला आणि घेणेकऱ्याने आपली भांडी मोडीत काढायची. लोक त्या वेळी म्हणाले, पदक राष्ट्राची ठेव आहे, विकू नका. ठीक आहे, ठेव राष्ट्राची, मग तालीम कुणाची? पदकाला हात लावू नका म्हणणाऱ्यांतले किती जण पावती फाडायला पुढे आले असते, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. आम्ही स्वतः त्या वेळी हळहळण्यापलीकडे काही केले नाही, हे कबूल करतो.

हे सारे ताईपुढे मांडले. शेवटी पोलंडच्या मुलीची हकिकत सांगितली. मारिया आंद्रेचिक ही भालाफेक करणारी. 2021 साली टोकियोला रौप्यपदक मिळवून ती घरी आली आणि लगेच, एका अनोळखी तान्ह्या मुलाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी तिने ते पदक विक्रीला काढले. एका दुकानांच्या कंपनीने बोली जिंकली, पैसे भरले, आणि पदक तिचे तिलाच राहू दिले.

ताई बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “गादीला किती पडतात?”

आकडा आम्ही पुतण्याकडून मागवला. कड्याच्या चांदीत गादीचे एक कोपरेही येत नाही, हे उघड झाले. मनातून थोडे सुटल्यासारखे वाटले, आणि त्याची लाजही वाटली. पण ताईचा हिशेब निराळा. “सराफाच्या भावानं विकायचं कुणी सांगितलं? आपल्या माणसांत बोली लावा. अमेरिकेतल्या भाच्यांना कळवा. ज्याची बोली वर त्याचे पैसे तालमीला. आणि ज्यानं घेतलं त्यानं कडं गावच्या तालमीत टांगायचं, ट्रंकेत ठेवायचं नाही.”

“आणि ते चोरीला गेलं म्हणजे?” आम्ही विचारले.

“जाऊ दे. आपल्या ट्रंकेत तरी ते कुठं होतं?”

तेव्हा असे ठरले आहे. येत्या रविवारी बोली. पहिली बोली ताईने लावून ठेवली आहे आणि आकडा ऐकून आमच्या सूनबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. तालमीच्या हौद्यातली लाल माती काढायची नाही, गादी शेजारच्या पडवीत घालायची, एवढी एक अट आम्ही पुतण्याला कळवली आहे. हळद, ताक आणि तेल घालून मळलेल्या त्या मातीत अण्णांचा घाम आहे. पुतण्याचे उत्तर आले: “माती राहील, काका. पडवीचं छप्पर गळतं, त्याचंही बोलीत धरा.”