मे महिन्यातला तो रविवार मोकळा ठेवा

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी अमेरिकेत मेमोरियल डे असतो. वॉशिंग्टन, मेरीलँड, व्हर्जिनियातल्या आपल्या मराठी मंडळींचा तो लाँग वीकेंड सहसा समुद्रावर नाहीतर कुणाच्या तरी बॅकयार्डमध्ये जातो. यंदा त्यातला रविवार राखून ठेवा, एवढंच सांगायचं आहे. त्या दिवशी राजधानीत माजी सैनिकांच्या सन्मानासाठी हजारो मोटारसायकली रस्त्यावर उतरतात. बाईक असेल त्यांनी चालवत यावं, बाकीच्यांनी मुलाबाळांना घेऊन कडेला उभं राहावं.

ही फेरी १९८८ साली व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी सुरू केली. नाव होतं रोलिंग थंडर. मागणी एकच होती : आमचे जे सोबती परतले नाहीत, त्यांचं काय झालं ते सांगा. पहिल्या वर्षी अडीच हजारांच्या आसपास गाड्या होत्या, पुढे आकडा लाखांत गेला. २०१९ नंतर रोलिंग थंडर संघटनेनं राजधानीतली फेरी थांबवली आणि ॲमव्हेट्स या माजी सैनिकांच्या संघटनेनं ती ‘रोलिंग टू रिमेम्बर’ नावानं पुढे नेली. बेपत्ता सैनिकांबरोबर आता माजी सैनिकांच्या आत्महत्यांचा प्रश्नही ती लावून धरते.

‘ते युद्ध आपलं नव्हतं, शिवाय चूकच होतं, मग आपण कशाला?’ असं बरेचजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्यांना मी म्हणेन, आधी व्हिएतनाम स्मारकाच्या भिंतीपाशी जाऊन या. काळ्या ग्रॅनाइटवर ५८ हजारांहून जास्त नावं कोरली आहेत आणि नावाशेजारी एक बारीक खूण आहे. शंकरपाळ्याच्या आकाराची खूण म्हणजे मृत्यूची खात्री पटलेली, क्रॉस म्हणजे बेपत्ता. कितीतरी वर्षांनी अस्थी सापडून ओळख पटली, की त्या क्रॉसवरच शंकरपाळ्याची खूण कोरतात. तोवर घरच्यांना धड रडताही येत नाही. आपल्याकडे १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतल्या ५४ बेपत्ता जवानांची घरं याच अवस्थेत दिवस काढत आली आहेत. युद्ध बरोबर की चूक, यावर खुशाल वाद घाला. पण ज्याला धाडलं त्याचा हिशेब द्या, ही मागणी कुठल्याही देशात खरीच आहे.

चालवणाऱ्यांनी नीट ऐका. पुण्यात बुलेट चालवली म्हणून इथे चालत नाही. मोटारसायकलचा वेगळा परवाना लागतो. हेल्मेट तिन्ही ठिकाणी सक्तीचं आहे, डबलसीट बसणाऱ्यालाही. नोंदणी, जमण्याची जागा आणि मार्ग त्या वर्षीचा पाहून घ्या. टाकी फुल करून या. खरा कस लागतो तो थांबण्यात : उन्हात तासन्‌तास उभं राहायचं, मग मुंगीच्या पावलानं सरकायचं. क्लच दाबून बोटं दुखतात, इंजिन तापतं, जॅकेटच्या आत अंग भिजतं. पाणी भरपूर ठेवा. गाड्या तिरक्या ओळीत चालतात, पुढच्याच्या अगदी मागे लागू नका. कसरती नकोत. घोळक्यात चालवायची सवय नसेल, तर आधी चार-सहा मित्रांबरोबर फिरून या. धीर होत नसेल, तर यंदा कडेला उभं राहण्यात काहीच कमीपणा नाही.

कडेला येणाऱ्यांनी मेट्रोनं यावं, रस्ते बंद असतात. लहानग्यांचे कान झाका, आवाज फार असतो. आणि ‘हॅपी मेमोरियल डे’ कुणाला म्हणू नका, तो गेलेल्यांचा दिवस आहे. व्हिएतनामला जाऊन आलेला कुणी भेटला, तर त्याला ‘वेलकम होम’ म्हणा. तरुणपणी परतले तेव्हा हे दोन शब्द त्यांच्यातल्या पुष्कळांच्या वाट्याला आले नव्हते. अजूनही ते एकमेकांना भेटले की आधी तेच म्हणतात. तो बोलायला लागला, तर मध्ये प्रश्न न विचारता ऐका.

आपापल्या मंडळाच्या ग्रुपवर आजच टाका : कोण बाईकवर येणार, कोण मेट्रोनं, आणि पाण्याच्या बाटल्यांचे खोके कोण आणणार.