कचऱ्याचे डोंगर आणि दिल्लीची चंचल भूमी

१ सप्टेंबर २०१७ रोजी पूर्व दिल्लीतील गाझीपूरच्या कचऱ्याच्या डोंगराचा एक कडा ढासळला. शेजारच्या रस्त्यावरील वाहने कालव्यात ढकलली गेली आणि दोघांचा बळी गेला. त्या दिवशी भूकंप झाला नव्हता. पावसाने भिजलेला ढीग स्वतःच्याच भाराने कोसळला होता. जो उतार स्थिर जमिनीवर तग धरू शकला नाही, त्याच्याखालची जमीनच हलली तर काय होईल, हा प्रश्न त्यानंतर राजधानीच्या कारभाऱ्यांना पडायला हवा होता. प्रत्यक्षात वाद रंगला तो कचरा कोणाच्या दारात न्यावा याचा. नायब राज्यपालांनी गाझीपूरला कचरा टाकण्यास मनाई केली, पर्यायी जागेला राणीखेड्याच्या ग्रामस्थांनी विरोध केला आणि पालिकेच्या गाड्या पुन्हा गाझीपूरच्याच वाटेला लागल्या.

भारतीय मानक ब्युरोच्या २००२ च्या भूकंप-नकाशाने दिल्लीला चौथ्या, म्हणजे तीव्र धोक्याच्या विभागात ठेवले. १७ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे राजधानीला ४ रिश्टरच्या धक्क्याने जागे केले, त्याचे केंद्र धौला कुआँच्या परिसरात होते. हिमालयातील मोठ्या भूकंपाची धास्ती तर कायमचीच. यमुनेच्या पूर्वेकडील भाग नदीने आणलेल्या मऊ गाळावर वसला आहे. असा गाळ धक्क्याची तीव्रता वाढवतो आणि भूजल उथळ असेल तेथे ओल्या वाळूचे द्रवीकरणही होऊ शकते. गाझीपूर १९८४ मध्ये सुरू झाले आणि त्याची क्षमता २००२ मध्येच संपली. तरीही तेथे कचरा पडत राहिला. २०१९ मध्ये त्याची उंची ६५ मीटरच्या घरात गेली, तेव्हा कुतुबमिनारशी तुलना करण्याची वृत्तपत्रांना हौसच लागली. कुतुबमिनार निदान पायाचा विचार करून बांधला आहे.

क्षेपणभूमी शास्त्रशुद्ध असली तरी प्रश्न मिटत नाही. झिरपणारे विषारी पाणी अडवण्यासाठी तळाशी जे प्लास्टिकचे अस्तर घालतात, त्याच्या गुळगुळीत पृष्ठावर घर्षण कमी असते. भूकंपात ढीग नेमका त्याच पातळीवर सरकतो. म्हणून अभियंते केवळ ‘कोसळेल की नाही’ एवढेच पाहत नाहीत, तर धक्क्याने ढीग किती सेंटिमीटर सरकेल, याचे गणित मांडतात. पंधरा ते तीस सेंटिमीटरपर्यंतचे सरकणे सामान्यतः सह्य मानले जाते. त्यापुढे अस्तर फाटते, मिथेनच्या नळ्या तुटतात, आग लागते. कॅलिफोर्नियात १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात चिकिटा कॅन्यन येथील अस्तर फाटले. ढीग मात्र जागेवर होता, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तेवढेच दिसले असते.

अमेरिकेने १९९१ मध्येच याविषयी दंडक घातला होता. अलीकडच्या भूवैज्ञानिक काळात सरकलेल्या प्रस्तरभंगापासून साठ मीटरच्या आत नवी क्षेपणभूमी नको, आणि अडीचशे वर्षांत दहा टक्के शक्यतेने जेथे गुरुत्वाकर्षणाच्या एक-दशांश इतके आडवे त्वरण अपेक्षित आहे, तेथे ती भूकंप सोसेल असे सिद्ध करणे बंधनकारक. आपल्या भूकंप-मानकाच्या मालिकेत इमारती, टाक्या, पूल, धरणे यांचा विचार आहे. कचऱ्याच्या डोंगराला मात्र त्यात स्वतंत्र भाग नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी नदी, तलाव, महामार्ग, वस्ती यांपासूनची अंतरे आखून दिली, कारण अंतर फीत लावून मोजता येते आणि फाइलवर चटकन शेरा मारता येतो. उताराच्या भूकंपीय स्थैर्याचा अहवाल मागवायचा, तर तो वाचणारा अधिकारीही लागतो.

नकाशावरील विभाग पाहून निर्धास्त राहणाऱ्यांनी किल्लारी आठवावी. ३० सप्टेंबर १९९३ रोजी ज्या भागात हजारो माणसे गाडली गेली, तो तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याचा होता.

दिल्लीत २०१९ पासून जुना कचरा उपसण्याचे काम सुरू झाले. गाझीपूर, भलस्वा, ओखला मिळून तो तेव्हा २८० लाख टन होता. उपसणे हा योग्यच मार्ग आहे. पण सोय म्हणून पायथ्यापासून खोदले, तर उतार अधिकच उभा आणि कमकुवत होतो. माथ्यावरून टप्प्याटप्प्याने खाली येणे सुरक्षित, मात्र ते खर्चिक आणि संथ असते. निविदेत मोबदला टनावर ठरतो, तेथे ठेकेदार कोणता मार्ग धरेल हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ नको. प्रत्येक टप्प्यावरील उताराचा कोन, आतील पाण्याची पातळी आणि भूकंपाचा भार धरून केलेली तपासणी या अटी त्याच निविदेत घालता येतात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, की केंद्र, राज्य आणि महापालिका यांच्यातील नेहमीच्या भांडणाचा निकाल लागण्याची वाटही पाहावी लागत नाही.