विवरणपत्राआधीचे प्रश्न

२०२५-२६ या आकारणी वर्षाची वैयक्तिक विवरणपत्रे ३१ जुलैऐवजी १५ सप्टेंबरपर्यंत भरता येतील, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २७ मे २०२५ रोजी जाहीर केले आणि आपल्या करसल्लागारांपैकी बहुतेकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. आता ऑगस्ट उजाडला आहे. दिनदर्शिका समोर ठेवून बसले की हा दिलासा बराच आक्रसतो. २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी, ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. कार्यालयातली निम्मी मुले गावी असतील, अशील फोन उचलणार नाहीत. १५ सप्टेंबर हीच आगाऊ कराच्या दुसऱ्या हप्त्याचीही तारीख आहे आणि तिच्या पाठोपाठ ३० सप्टेंबरला कर लेखापरीक्षणाचे अहवाल उभे आहेत. शांत डोक्याने एकेक फाइल उघडून बसायचे दिवस खरे तर २६ ऑगस्टलाच संपतात. ते दिवस कशासाठी वापरायचे, याबद्दल या वेळी आग्रहाने लिहायचे आहे: ते अशिलाला प्रश्न विचारण्यासाठी वापरावेत.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. मुदत वाढल्यामुळे कलम २३४अ चे व्याज १५ सप्टेंबरपर्यंत लागणार नाही, हे खरे. पण कलम २३४ब चे मीटर १ एप्रिलपासून चालूच आहे. टीडीएस वजा जाता ज्याचा कर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त निघतो आणि ज्याने आगाऊ कर ९० टक्क्यांपेक्षा कमी भरला आहे, त्याला दरमहा १ टक्का व्याज पडतेच. धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसलेले ज्येष्ठ नागरिक तेवढे यातून सुटतात. तेव्हा विवरणपत्र सप्टेंबरात भरायचे असले तरी ज्यांचा कर निघतो त्यांचा ढोबळ हिशेब आत्ताच करून चलान भरून घ्यावे. ‘मुदत वाढलीय, बघू नंतर’ असे अशिलाला सांगणारा सल्लागार त्याचेच पैसे घालवतो.

आता मूळ मुद्दा. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर विभागाने देशभरात सुमारे १५० ठिकाणी पडताळणीची कारवाई केली. ज्या राज्यांत ती झाली त्यांत महाराष्ट्रही आहे. रोख होता विवरणपत्रे भरून देणाऱ्या मध्यस्थांवर: घरभाडे भत्ता, राजकीय पक्षांना देणग्या, शैक्षणिक कर्जाचे व्याज, वैद्यकीय विमा, दुर्धर आजारावरचा खर्च अशा नावांखाली खोट्या वजावटी घालून पगारदारांना परतावे मिळवून देणाऱ्यांवर. विभागाच्याच निवेदनानुसार आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपली विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते.

हे लोक आपल्यातले नाहीत, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण औद्योगिक वसाहतींच्या फाटकांवर, शाळांच्या शिक्षककक्षांत, पोलीस वसाहतींमध्ये हा धंदा कसा चालतो ते आपण सगळे जाणतो. एकाला परतावा मिळाला की तो दहा सहकाऱ्यांना सांगतो. मिळालेल्या परताव्यातली ठरावीक टक्केवारी, हीच फी. मग त्यांतला एक जण कधीतरी आपल्याकडे येतो आणि विचारतो, ‘साहेब, अमक्याने चाळीस हजार काढून दिले, तुम्ही किती काढून द्याल?’ त्या क्षणी आपण काय उत्तर देतो, त्यावर आपल्या व्यवसायाची पत ठरते. टक्केवारीवर किंवा निकालावर अवलंबून फी घेणे हे १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्यानुसार, ठरावीक अपवाद वगळता, व्यावसायिक गैरवर्तन आहे. ज्यांना तो कायदा लागू होत नाही अशा करसल्लागारांनीही हा नियम स्वतःवर बांधून घ्यायला हवा. कारण फी परताव्याशी जोडली गेली की वजावट खरी आहे का, हे विचारायची इच्छाच उरत नाही.

अशिलाला परिणामही स्पष्ट शब्दांत सांगावेत. उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याचे ठरले तर कलम २७०अ खाली दंड लागतो तो त्यावरील कराच्या २०० टक्के. पडताळणीखाली सही त्याची असते, मध्यस्थाची नाही. आणि खोटे विवरणपत्र भरायला प्रवृत्त करणाऱ्याला किंवा मदत करणाऱ्याला कलम २७८ आहे. मागल्या वर्षांत कुणी फसला असेल तर बाहेर यायची वाटही आहे. २०२५ च्या वित्त कायद्याने अद्ययावत विवरणपत्राची मुदत आकारणी वर्ष संपल्यापासून ४८ महिने केली आहे. कर आणि व्याजावर पहिल्या वर्षी २५ टक्के, मग ५०, ६० आणि ७० टक्के जादा भरावे लागतात. म्हणजे २०२१-२२ या आकारणी वर्षाची चूक ३१ मार्च २०२६ पर्यंत दुरुस्त करता येते. मात्र चौकशी सुरू झाली की ही वाट बहुधा बंद होते. पश्चात्ताप झालेल्या अशिलाला थोपवून धरू नये, लगेच भरायला लावावे.

विभागाच्या त्याच निवेदनातली दुसरी बाब आपल्याला जास्त झोंबायला हवी. हे मध्यस्थ तात्पुरते ईमेल पत्ते काढून ढीगभर विवरणपत्रे भरत आणि मग ते पत्ते सोडून देत, त्यामुळे नोटिसा वाचल्याच जात नसत. हेतू वेगळा असला तरी प्रामाणिक कार्यालयांतही जवळपास हेच घडते. अशिलाला ओटीपी सांगायचा कंटाळा, त्याचा ईमेल कुणी बघत नाही, म्हणून पोर्टलवर आपलाच मोबाइल आणि कार्यालयाचा एकच ईमेल घातला जातो. मग आर्टिकल साहाय्यक सोडून जातो, अशील दुसऱ्याकडे जातो, क्रमांक बदलतो. कलम १४३(१)(अ) ची सूचना येते, उत्तराला ३० दिवस असतात. सदोष विवरणपत्राच्या नोटिशीला तर १५ च. अशिलाला कळते तेव्हा परतावा अडकलेला असतो किंवा मागणी उभी राहिलेली असते. प्राथमिक संपर्क अशिलाचा स्वतःचाच असावा, आपला दुय्यम म्हणून जरूर घालावा. ऑगस्टमध्ये प्रत्येक फाइलमागे दहा मिनिटे देऊन एवढे एक काम झाले तरी पुष्कळ झाले.

आणि मग प्रश्न. वार्षिक माहिती विवरण, म्हणजे आपले एआयएस, आल्यापासून एक नवी सवय लागली आहे. ते उतरवून घ्यायचे, आकडे भरायचे, पुढची फाइल. एआयएस ही सुरुवात आहे, उत्पन्नाची पूर्ण यादी नव्हे. महाराष्ट्रात तर याचे खास कारण आहे. आपल्याकडे गावोगावी पतसंस्था आहेत आणि निवृत्त शिक्षक, एसटी कर्मचारी, दुकानदार यांच्या ठेवींचा मोठा हिस्सा तिथे असतो. मोठी उलाढाल असलेल्या संस्था सोडल्या तर सभासदाच्या व्याजावर पतसंस्था सहसा टीडीएस कापत नाही, त्यामुळे ते व्याज २६एएस मध्ये दिसत नाही आणि एआयएसमध्येही अनेकदा नसते. ‘पतसंस्थेचे व्याज करमुक्त असते’ असा समज तर घट्ट रुजलेला आहे. कलम ८०प ची सवलत संस्थेला आहे, ठेवीदाराला नाही. तेव्हा ‘पतसंस्थेत काही आहे का?’ हा प्रश्न थेट विचारावा, पासबुक मागून घ्यावे.

उलट बाजूने एआयएस जास्तही दाखवते. नवरा-बायकोच्या संयुक्त ठेवीचे सगळे व्याज पहिल्या नावावर, एकच व्यवहार दोनदा, विकलेल्या शेअर्सचा खर्चच नाही. आकडा चुकीचा असेल तर पोर्टलवर अभिप्राय नोंदवावा आणि त्याची प्रत फाइलला लावावी. नुसते योग्य उत्पन्न भरून गप्प बसले तर पुढे तफावतीची विचारणा आली की कागद शोधत बसावे लागते.

२०२५-२६ या आकारणी वर्षाचे अर्जच जास्त प्रश्न विचारतात, हेही लक्षात असू द्या. जुनी करप्रणाली घेणाऱ्याकडून घरभाडे भत्त्याचा तपशील, विमा पॉलिसीचा क्रमांक, कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव लागते. २३ जुलै २०२४ च्या आधीचा आणि नंतरचा भांडवली नफा वेगळा दाखवावा लागतो. शेअर्सवरचा अल्पकालीन दर त्या तारखेपासून १५ चा २० टक्के झाला, दीर्घकालीन १० चा साडेबारा. त्या तारखेपूर्वी घेतलेले घर किंवा जमीन नंतर विकणाऱ्या निवासी व्यक्तीसाठी साडेबारा टक्के आणि महागाई निर्देशांकासह २० टक्के असे दोन्ही हिशेब करून पाहावेत. खरेदीखत घरात कुठे ठेवले आहे हे सापडायलाच आठवडा जातो.

जुनी की नवी, हा निर्णयही मुदतीशी बांधलेला आहे. १५ सप्टेंबर चुकली की जुनी प्रणाली त्या वर्षापुरती हातची गेली, शेअर्समधला तोटाही पुढे ओढता येत नाही. कलम २३४फ चे ५,००० रुपये विलंब शुल्क त्यापुढे किरकोळ आहे. धंदा-व्यवसायाचे उत्पन्न असलेल्यांनी जुनीत जायचे तर फॉर्म १०-आयईए आधी. आणि भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी.

शेवटी विभागाला एक मागणे, आणि ते आपण संघटितपणे मांडायला हवे. आयटीआर-२ आणि आयटीआर-३ च्या युटिलिटी २०२५ मध्ये जुलैत आल्या. आकारणी वर्ष सुरू होते १ एप्रिलला. मुदत वाढवून देणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण वाढीव मुदत नेहमी सणांवर आणि लेखापरीक्षणांवर जाऊन आदळते. अर्ज आणि युटिलिटी १ एप्रिलला तयार असाव्यात आणि हंगामाच्या मध्येच त्या बदलू नयेत. २०२४ मध्ये ५ जुलैनंतर युटिलिटीत बदल झाला आणि विशेष दराच्या उत्पन्नावर कलम ८७अ ची सवलत मागण्याची सोयच नाहीशी झाली. मुंबईची द चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स ही संस्था त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. आधी विवरणपत्रे भरायची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवून मिळाली. २४ जानेवारीच्या निकालात न्यायालयाने सांगितले की युटिलिटी करदात्याला दावा मांडण्यापासूनच रोखू शकत नाही. दावा ग्राह्य आहे की नाही, ते अधिकारी कायद्यानुसार ठरवतील. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा अमलात येतो आहे, नवे अर्ज, नवी कलमे आणि नवी युटिलिटी घेऊन. या हंगामात युटिलिटीत जी जी अडचण येईल ती तारखेसह, पडद्याच्या चित्रासह नोंदवून आपल्या जिल्ह्याच्या करसल्लागार संघटनेकडे द्यावी. सप्टेंबरनंतर त्या नोंदी एकत्र करून मंडळाकडे निवेदन पाठवण्याची जबाबदारी हे मासिक घेत आहे.